बदकं एका तळ्याची नसतात

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना झाली की एक प्रश्न हमखास येतो : ‘यंदा नांदूर मधमेश्वरला बदकं कमी का?’ विचारणाऱ्याची काळजी खरी असते, पण प्रश्न अपुरा. सायबेरियातून, कझाकस्तानातून, लडाखमधून आलेलं बदक एका तळ्यावर उतरून मार्चपर्यंत तिथंच बसून राहत नाही. हिवाळाभर ते पाण्यामागं फिरतं. आणि आपल्याकडे पाणी फिरतं ते कालव्याच्या आवर्तनांप्रमाणे.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा नांदूर मधमेश्वरचा बंधारा ब्रिटिश अमदानीतला. शंभर वर्षांत त्यात गाळ साचत गेला नि पाणी उथळ झालं. सिंचनाचा तो तोटा, पण बदकांना हाच गाळ हवा असतो. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, तरंग ही सहसा बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपूट वर करून मान पोचेल तिथलंच खातात. चक्रांगाला वीतभर पाणी पुरतं, लांब मानेचं तलवार बदक थोडं आणखी खोल जातं. थापट्याची चोच दुर्बिणीतून नीट बघावी : टोकाला फावड्यासारखी रुंद आणि कडेला बारीक दातांची झालर. पाणी आत घ्यायचं, झालरीतून बाहेर सोडायचं. मागं राहतात ते सूक्ष्म जीव आणि बिया. पातळी हातभर चढली की यातल्या बहुतेकांचं खाणं आवाक्याबाहेर जातं. मग थवे उठतात.

ते जवळपासच्या गावतळ्यांवर, पाझर तलावांवर उतरतात. नाहीतर गोदावरीवरच खाली, पैठणच्या नाथसागराच्या काठाला. तिथं पाणी ओसरेल तसा काठ उघडा पडतो, शेतकरी गाळपेर करतात आणि त्या कोवळ्या कोंबांवर चक्रवाक चरतात. तलवार बदकांचं वेगळंच. दिवसा ती भर पाण्यात विसावतात, अंधार पडला की चरायला दुसरीकडे जातात. म्हणजे सकाळी मोजलेला थवा रात्री कुठल्या तळ्यावर जेवतो, हे गणनेच्या तक्त्यात येतच नाही.

म्हणूनच दुष्काळी वर्षात ‘विक्रमी संख्या’ अशी बातमी वाचली की मला आनंद होत नाही. लहान तळी आटली की बदकं उरलेल्या मोठ्या जलाशयांवर गोळा होतात. उलट भरपूर पावसाच्या वर्षी ती गावोगावच्या पाण्यावर विखुरतात आणि नांदूर मधमेश्वरचं अभयारण्य ओस वाटतं.

भरतपूरला सलीम अलींच्या पुढाकारानं बदकांच्या पायात कडी घातली गेली. त्यातली काही थेट सोव्हिएत संघात सापडली, तेव्हा लांबचा प्रवास उलगडला. या तळ्यावरून त्या तळ्यावर होणाऱ्या जवळच्या प्रवासाकडे आपण तेवढं लक्ष दिलं नाही, आणि आज धोका तिथंच जास्त आहे. नांदूर मधमेश्वर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं; महाराष्ट्रातलं हे पहिलं. पण त्या हद्दीबाहेरची गावतळी बुजवली जातात, काठापर्यंत नांगरली जातात. शेततळी वाढली, हे शेतकऱ्यासाठी चांगलंच झालं; पण प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या काठांच्या शेततळ्यात ना गाळ, ना पाणवनस्पती. थापट्याला तिथं चाळायला काही नसतं.

गणना व्हावी ती एकाच सकाळी, धरणापासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे. आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहावी.