वेसावे बंदराचे चित्र

अंधेरी स्थानकावरून पश्चिमेची वाट धरली, की शहर संपता संपता समुद्राला टेकलेले वेसावे गाव लागते. नकाशावर त्याचे नाव वर्सोवा असले, तरी तेथील कोळी बांधव त्याला वेसावेच म्हणतात. मालाडची खाडी येथे समुद्राला मिळते. पैलतीरावर मढ दिसते आणि तेथे १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला उभा आहे. नांगरलेल्या होड्या, वाऱ्यावर फडफडणारी निशाणे, वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील आणि दाटीवाटीची घरे असे हे दृश्य पाहून एखादा चित्रकार कॅनव्हास व रंगपेटी घेऊन तेथे बसला, तर नवल नाही.

परंतु बंदराचे चित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. डोंगर चित्रकारासाठी थांबतो. समुद्र थांबत नाही. भरती व ओहोटी यांच्यामध्ये जेमतेम सहा तासांचे अंतर असते. मोठ्या उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरांहूनही अधिक खाली-वर होते. सकाळी डौलाने तरंगणारी होडी दुपारी चिखलात कलंडलेली दिसते. मग चित्र कोणत्या होडीचे काढावे?

त्यातून माध्यम तैलरंगांचे! हे रंग जवसाच्या तेलात घोटलेले असतात. पाण्यासारखे हे तेल उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते सावकाश घट्ट होते. त्यास कित्येक दिवस लागतात. आधी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात आकार व सावल्या मांडावयाच्या, मग त्यावर अधिक तेलाचे जाड थर चढवावयाचे, असा क्रम पाळावा लागतो. तो उलटला, तर खालचा थर मऊ राहतो, वरचा आधी वाळतो आणि कालांतराने चित्राला तडे जातात.

थर वाळेपर्यंत थांबावे, तर समुद्र आपले वेळापत्रक बदलतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. त्यामुळे सकाळचे तेच कोवळे ऊन आणि तेच भरतीचे पाणी यांची पुन्हा गाठ पडावयास सुमारे पंधरा दिवस जावे लागतात. जाणता चित्रकार म्हणूनच घाई करीत नाही. तो प्रथम केवळ पाहतो. पाणी निळे असते, हा आपला समज. खाडीचे पाणी कधी राखाडी, कधी मातकट, तर कधी हिरवट असते. काळ्या होडीचे प्रतिबिंब होडीहून किंचित उजळ आणि पांढऱ्या होडीचे किंचित गडद पडते. हे ज्याने डोळ्यांत साठविले, त्याला पाणी ओसरल्यावरही चित्र पुरे करता येते.

फ्रान्समधील ल आव्र या बंदराचे असेच एक चित्र क्लोद मोने याने १८७२ साली तैलरंगांत रंगविले. धुके, दोन-तीन होड्या आणि तांबूस सूर्य एवढेच त्यात होते. १८७४ साली पॅरिसमध्ये ते मांडले गेले, तेव्हा ते अपुरे आहे म्हणून एका टीकाकाराने त्याची थट्टा केली. पुढे त्याच चित्राच्या नावावरून एका थोर कलासंप्रदायास नाव मिळाले. मोनेने बंदरातील प्रत्येक वस्तू मोजली नव्हती. एक क्षण मात्र त्याने नेमका टिपला होता.

वेसाव्याच्या चित्रकारापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. होड्यांच्या मागे आता उंच इमारती दिसतात. त्या गाळल्या, तर चित्र सुंदर होईल. पण ते आजचे वेसावे राहील काय? त्या तशाच रंगविल्या, तर त्यांच्या पायथ्याशी जाळी विणणारी माणसे किती लहान दिसतात, हेही चित्र सांगेल. एका कुंचल्याने होडीचा काठ उजळावा, दुसऱ्याने इमारतीची सावली पाण्यात उतरवावी, आणि दोन्हींना न्याय द्यावा. तसे चित्र एखाद्या भिंतीवर टिकले, तर शंभर वर्षांनंतरच्या मुलांना येथे होड्याही होत्या आणि इमारतीही होत्या, हे त्यातून कळेल. सुंदर दिसणे ही चित्राची शोभा होय. खरे असणे हा त्याचा प्राण होय.