शाई कुठवर आली?

पार्सल आलं तेव्हा घरी फक्त आई होती. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर टेबलावर उघडा डबा, शेजारी आई आणि आईच्या हातात पावती.

"पेनच आहे ना हे? का सोनं लागलंय याला?"

"लागलंय. चौदा कॅरेटची निब आहे," मी म्हटलं. हे उत्तर द्यायची ती वेळ नव्हती.

आकडा पंचवीस हजारांच्या वरचा होता. आईनं तो दोनदा मोठ्यानं वाचला आणि भाजी परतायला निघून गेली. बाबांनी पेन उचललं, ट्यूबलाइटसमोर धरलं आणि म्हणाले, "आत तर काहीच नाही की गं!"

पेन होतं पायलट कंपनीचं कस्टम ८२३. जपानी, नखशिखांत पारदर्शक. पूर्वी विक्रेत्यांना अशी पेनं दिली जायची. शाई आत कशी शिरते, कुठे साठते, निबेपर्यंत कशी येते, हे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. त्यांना डेमॉन्स्ट्रेटर म्हणतात. पुढे लोकांना दाखवायचं पेनच हवंहवंसं वाटू लागलं आणि ते विकायलाही आलं.

हे भरायची रीतही न्यारी. मागची घुंडी सैल करून दांडा बाहेर ओढायचा, निब दौतीत बुडवायची आणि दांडा सरळ आत दाबायचा. दट्ट्या खाली जाताना त्याच्या मागे पोकळी तयार होते. तळाशी नळी थोडी रुंद आहे. दट्ट्या तिथे पोचला की वाट मोकळी होते आणि शाई एका दमात वर उसळते. पहिल्यांदा भरलं तेव्हा आईसुद्धा कढई सोडून बघायला आली. "परत कर बरं," म्हणाली. पेन नव्हे, तो प्रकार.

आमच्या घरात याआधी एकच पेन मानाचं होतं, अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे आजोबा. हैदराबादेत पेन म्हटलं की जुनी माणसं अजून आबिड्सच्या डेक्कन पेन स्टोअर्सचं नाव घेतात. ते दुकान १९२८ पासूनचं. अण्णांचं काळं, जाडजूड एबोनाइटचं पेन तिथलंच. ते ड्रॉपरनं भरायचं. दर रविवारी आंघोळीनंतर अण्णा पाटावर बसत, जुन्या धोतराचा तुकडा मांडीवर घेत, पेनाचे आटे उकलत आणि थेंब थेंब मोजत शाई घालत. शेवटी निब डोक्याच्या केसांना पुसत. पांढऱ्या केसांत एक निळी बट कायम असायची.

रविवारच का, हे मला आता कळलं. त्या पेनातली शाई दिसायची नाही. शाई कमी आणि हवा जास्त झाली की हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि कागदावर भला मोठा ठिपका पाडते. म्हणून अण्णा शाई संपायची वाट बघत नसत. ते रोज लिहीत, म्हणून आठवड्याचा हिशेब त्यांना पाठ होता.

माझा हिशेब मला महिन्याभरानं कळला. पेन मी टेबलावर अशा जागी ठेवलं होतं की व्हिडिओ कॉलमध्ये ते मागे दिसावं. शाईसुद्धा खास मागवलेली, पावसाळी ढगासारखी करडी-निळी. एके दिवशी लक्ष गेलं, शाई पहिल्या दिवशी जिथे होती जवळजवळ तिथेच होती. महिनाभरात मी लिहिलं काय? स्वतःचं नाव, सह्या आणि वाण्याची एक यादी, तीही मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवलेली. काळ्या पेनात हे झाकलं गेलं असतं. या पेनानं काही झाकलं नाही.

बाबांनी तेवढ्यात विचारलंच, "शाई कुठवर आली?"

मग म्हणाले, "आजीला लिही की."

आजी नांदेडला काकांकडे असते. वय अठ्ठ्याऐंशी. गेल्या दोन वर्षांत तिला जवळजवळ ऐकूच येईनासं झालंय. यंत्र लावलं की डोकं भणभणतं म्हणते. फोन केला तर "हॅलो, कोण?" एवढं होऊन तो काकूंच्या हातात जातो. व्हिडिओ कॉलवर ती हात हलवते, "जेवलीस का?" विचारते आणि मी काय उत्तर दिलं ते तिच्यापर्यंत पोचत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पेपर मात्र रोज वाचते. हे मला माहीत होतं. पत्र लिहावं हे सुचलं नव्हतं, कारण मला मराठी लिहायची वेळच कधी आली नव्हती. शाळा इंग्रजी, देवनागरी जी काय आली ती हिंदीच्या तासाला. घरात मराठी होती ती तोंडात.

पहिलं पत्र दीड पानाचं. त्याला तीन तास लागले. 'ती. आजीस, सा. न. वि. वि.' एवढं बाबांनी सांगितलं. पुढचं कोण सांगणार? ऱ्हस्व-दीर्घासाठी मी सारखी मोबाइलकडे धावत होते. त्यात पान भरत आलं असताना पेन बंद पडलं! एवढे पैसे घालून हे, म्हणून जीव खाली-वर झाला. चूक माझीच होती. मागची घुंडी घट्ट आवळली की या पेनात शाईची वाट बंद होते. विमानात हवेचा दाब बदलला तरी शाई गळू नये म्हणून ती सोय आहे. सलग लिहायचं असेल तेव्हा घुंडी थोडी सैल करून बसायचं. दोन ओळी खरडणाऱ्याला हे कधी कळतच नाही.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. "आजी म्हणतात, पत्र छान. पण अक्षर मुंग्यांसारखं आहे आणि शाई धुतल्यासारखी. भिंग घेऊन वाचलं. आणि म्हणतात, ल हिंदी काढलास."

मी मुद्दाम बारीक निब घेतली होती, जोडाक्षरं सुबक यावीत म्हणून. सुबक आली होती. फक्त जिला वाचायची तिला दिसत नव्हती. ढगाळ शाई ओतून टाकली. पेन दोन दिवस साध्या गार पाण्यानं धुतलं (गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच) आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून कॅमलच्या काळ्या शाईची बाटली आणली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही शाई. स्वस्त, काळीभोर. टपोरं अक्षर काढायला लागले. ल सुधारला. श अजून कधी कधी हिंदीत जातो.

आजीची उत्तरं कार्डावर येतात. चार-पाच ओळी, त्यातली एक हमखास माझ्या चुकांची. 'पाणी दीर्घ. आपण पितो ते.' पण पाचव्या पत्रात मी लिहिलं की अण्णांसारखं अक्षर मला या जन्मी जमणार नाही. त्यावर मात्र दोन कार्डं आली, एक संपलं म्हणून दुसरं.

अण्णा निजामाच्या राज्यात शिकले. सगळं शिक्षण उर्दूत. लग्न ठरल्यावर त्यांनी हैदराबादेहून नांदेडला पहिलं पत्र पाठवलं, ते तिला नीट लागलंच नाही. 'तुझ्यासारखंच होतं. ल तर पडलाच होता. मी चौथी पास. मी त्यांना लिहून शिकवलं. दर पत्राला चुका कळवायची. रागवायचे नाहीत. रविवारी बसून पाटीवर गिरवायचे.'

ती कार्डं बाबांना वाचून दाखवली. त्यांनाही हे माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, ते मोत्यासारखं अक्षर अण्णा जन्मतःच घेऊन आले आणि आमच्या पिढीपर्यंत येता येता ते पुसलं गेलं. आता बाबा कधी कधी माझ्या शेजारी बसून त्यांच्या मावशीला दोन ओळी लिहितात. पेन मागतात, "दे जरा तुझं सोनं."

आतापर्यंत अकरा पत्रं गेली. पेन तीनदा भरलं. एका वेळी सुमारे दीड मिलिलिटर शाई मावते. म्हणजे सगळी मिळून चमचाभर. आज सकाळी उजेडात धरलं तर बोटभर उरली आहे. रविवार आहे, भरायला हवं.

कालच्या कार्डात आजीनं दोन प्रश्न विचारलेत. संक्रांतीला येणार का? आणि अक्षर आता बरं येतंय, तर हे पेन घेतलंस कितीला?

पहिल्याचं उत्तर लिहून झालंय. काचीगुड्याहून गाडीचं तिकीटही काढलंय. दुसऱ्याशी येऊन मघापासून बसले आहे. आई म्हणते, खरं लिही. बाबा म्हणतात, एक शून्य कमी लिही.