हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

प्रदक्षिणेचा मुहूर्त एरवी भटजी सांगतात; हरिहरेश्वरी तो समुद्र सांगतो. देवळाजवळच्या टेकडीवर पायऱ्या चढायच्या, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून खाली उतरायचे, की एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि पायाखाली काळ्या कातळाची पट्टी. ही पट्टी ओहोटीपुरतीच आपली.

आम्ही पोचलो अमावास्येच्या भर दुपारी. फुले विकणारी बाई म्हणाली, "आज उधाण आहे. उद्या सकाळी जा." आत्याबाईंचा बोललेला नवस! "देवाच्या दारातून परत फिरायचे?" म्हणून त्या तडक पायऱ्या चढल्या. घळीच्या तोंडाशी मात्र थबकल्या. खाली पट्टी नव्हतीच. नुसता फेस उसळत होता. धर्मशाळेत परतेपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. समुद्र लांब हटलेला. कातळ आपल्या सह्याद्रीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पण खाऱ्या तुषारांनी त्याचे मधाचे पोळे केले आहे. तुषार वाळतात, मिठाचे खडे दगडात फुगतात, कण सुटत जातात आणि खळगे पडतात. आमच्या चिरंजिवांना त्या खळग्यांत खेकडेच दिसत होते, ते वेगळे!

वाटेत आत्याबाई थांबल्या. कड्यावर कालच्या पाण्याची ओली खूण होती. त्यांच्या डोक्याच्या हातभर वर.

"चला," त्या म्हणाल्या, "पाय उचला."