ज्याचा त्याचा फोल्डर

तर झालं असं. २०२३ मधला एक शुक्रवार. ऑफिसच्या सगळ्यांच्या सर्व्हरवर (उबुंटू २२.०४, पायथन ३.१०) मला एक छोटासा रिपोर्ट चालवायचा होता. त्याला एसक्यूएल-अल्केमी २.० हवं होतं, सर्व्हरवर होतं १.४. जेवायची वेळ झालेली. म्हटलं, कोण विचार करत बसणार? सरळ 'सुडो पिप इन्स्टॉल' ठोकलं, पुढे 'अपग्रेड' जोडलं. रिपोर्ट आला, मी डबा खायला गेलो.

संध्याकाळी टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाची बिलांची स्क्रिप्ट कोसळली. एरर काय, तर इंजिनला 'एक्झिक्यूट' नावाचं काही नाहीच! (२.० मध्ये ते काढून टाकलंय.) "मी काहीच बदललं नाही हो," तो परत परत सांगत होता आणि मॅनेजर त्याला सगळ्यांसमोर झापत होते. मला मिनिटभरात कळलं की हा उद्योग माझा. आणि मी गप्प बसलो.

शनिवार-रविवार बसून त्याने स्क्रिप्ट दुरुस्त केली. मी १.४ परत टाकलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

सुडोने टाकलेलं पॅकेज सगळ्यांच्या फोल्डरमध्ये जातं. तिथे एका पॅकेजची एकच आवृत्ती राहते. माझी आली, त्याची गेली. खरं तर मला एवढंच करायचं होतं: पिपला 'टार्गेट' हा पर्याय देऊन माझ्या स्क्रिप्टशेजारच्या 'लिब्स' फोल्डरचा पत्ता सांगायचा. पॅकेज आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस तिथेच उतरतात. मग तो पत्ता 'पायथनपाथ'मध्ये घालायचा, की पायथन सगळ्यांच्या फोल्डरच्या आधी तिथे बघतं. सुडो लागतच नाही. नकोसं झालं की फोल्डर उडवायचा, विषय संपला.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. त्याच फोल्डरमध्ये पुन्हा टाकताना 'अपग्रेड' दिलं नाही, तर आधीचंच तसंच राहतं. आणि नमपायसारखी कम्पाइल केलेली पॅकेजेस ३.१० साठी उतरवली, तर ३.१२ वर चालत नाहीत. तिथे नव्याने उतरवा. काम मोठं असेल तर 'वेन्व' आहेच, २०१२ साली पायथन ३.३ बरोबर आलेलं. डेबियन १२ पासून (तेही २०२३ चंच) सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला गेलं की पिप सरळ नकार देतं. माझ्यासारखे बरेच असणार!

सोमवारी चहाच्या टपरीवर त्याला सगळं सांगितलं, मग मॅनेजरनाही. तो चिडला नाही. "शुक्रवारीच सांगायचं ना दादा," एवढंच म्हणाला.

मी तेव्हापासून माझा फोल्डर वेगळा ठेवतो. पण ते वाक्य काही जात नाही.