भार कुणावर टाकायचा?

आमच्या घरातल्या दर्यावर्दी मंडळींना हे सगळं तोंडपाठ आहे, त्यांनी हसू नये. बाकीच्यांसाठी आधी थोडी माहिती.

होडीतलं इंजिन नुसतं ठेवलेलं नसतं. काही होड्यांत ते सरळ लाकडी बेडवर बोल्टने आवळतात. मामाच्या फायबरच्या होडीत ते चार रबरी माउंटिंगवर बसलंय. हे चार पाय इंजिनाचं वजन पेलतातच, शिवाय पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा होडीला पुढे रेटणारा जोरही त्यांच्यातूनच होडीला मिळतो. सांडलेलं तेल-डिझेल लागून रबर फुगतं, मऊ पडतं आणि इंजिन एका अंगाला खचतं. मग शाफ्ट वाकडा ओढला जातो, पाणी अडवणारा ग्लँड झिजतो आणि भर समुद्रात होडीत पाणी यायला लागतं. म्हणजे प्रश्न नुसत्या खडखडाटाचा नाही, गेलेली माणसं घरी परत येण्याचा आहे.

2025 च्या पावसाळ्यात होडी हर्णैजवळ खाडीकाठी शाकारलेली होती, तेव्हा चारही माउंटिंग बदलायचं ठरलं. मी सुट्टीवर, त्यामुळे माझी नेमणूक बॅटरी धरायला!

तुम्ही म्हणाल, खालून जॅक लावला की झालं. मिस्त्रींनी जॅक आणलाच नव्हता. इंजिनाचं खालचं चेंबर तेल साठवायला असतं, वजन घ्यायला नाही. आणि जॅक तळावर टेकवला की सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर. फायबरला तडा जायचा. म्हणून भार वरून घ्यायचा. इंजिनावरच्या फळ्या काढून दोन बाजूंच्या भक्कम कठड्यांवर जाड वासा आडवा टाकला, दोन्ही टोकांखाली टेकू दिले. वाशाला चेनब्लॉक, आणि त्याची साखळी इंजिनावरच्या उचलण्यासाठीच असलेल्या दोन कड्यांना.

पण साखळी ओढण्याआधी बॅटरीच्या वायरी काढल्या, एक्झॉस्टचा पाइप सैल केला आणि कपलिंग सोडलं. शाफ्ट जोडलेला ठेवून इंजिन उचललं तर तोच वाकायचा. मग चारी पायांची उंची मोजून वहीत लिहिली. इंजिन उचललं ते किती? जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा कमी. पायावरचा भार सुटला की बास. लगेच खाली बेडवर लाकडी ठोकळे आणि पाचरी सरकवल्या. चारशे किलोच्या घरातलं धूड नुसत्या साखळीच्या भरवशावर सोडत नाहीत, आणि त्याखाली हात तर घालतच नाहीत.

मिस्त्रींचा खरा नियम पुढे होता. चारही पाय एकदम काढायचे नाहीत. एक काढा, नवा बसवा, मग दुसरा. तीन पाय जागेवर असले की इंजिन आपली जागा विसरत नाही.

हे ऐकताना मामा माझ्याकडे बघून बारीक हसला. मला कारण माहीत होतं. 2024 च्या दिवाळीनंतर मामी गेली. होडीचा सगळा हिशेब तिच्याकडे असायचा. डिझेल, बर्फ, खलाश्यांची उचल, सगळं तिच्या वहीत आणि त्याहून जास्त तिच्या डोक्यात. बारावा झाला आणि जो तो मामाला सांगायला लागला, आता वही सुनेकडे देऊन मोकळा हो. मामाने तसं केलं नाही. आधी वहिनीकडे फक्त डिझेल दिलं. महिन्याने बर्फ. खलाश्यांची उचल सगळ्यात शेवटी, कारण तिथे आकड्यांबरोबर माणसंही सांभाळायची असतात. तोवर बाकीचा भार तो स्वतः धरून बसला. तेव्हा आम्हाला वाटलं होतं की मामाला वही सोडवत नाही.

जमिनीवर कपलिंग जुळलं म्हणजे काम संपलं असं नसतं. होडी पाण्यात उतरली की तिचा आकार किंचित बदलतो, नवं रबरही थोडं दबतं. म्हणून होडी तरंगायला लागल्यावर दोन दिवसांनी मिस्त्री फिलर गेज घेऊन पुन्हा आले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारही ठिकाणची फट मोजली. चार इंची कपलिंग, फरक चार थाऊच्या आत. जमलं.

वहिनीने त्यांची मजुरी दिली, वहीत लिहिली आणि वही मामापुढे धरली. मामाने न वाचताच सही केली.