आईचें समुद्रयान

आमच्या हिंगोलीस समुद्र ठाऊक नाहीं. नदी काय ती कयाधू. पावसाळा सरला कीं तिचें पाणी ओसरूं लागतें. यात्रा म्हणजे औंढ्या नागनाथ, नाहीं तर नामदेवरायांची नर्सी. अशा गांवच्या एका कुटुंबानें, ८६ वर्षांच्या पणजीपासून चार वर्षांच्या पणतवापर्यंत दहा माणसांनीं, केवळ विहारासाठीं मुंबईहून जहाजांत बसून गोव्यास जावें, ही गोष्ट माझ्या वडिलांनीं हंसण्यावारीच नेली असती.

कल्पना धाकट्या चिरंजीवांची. दोघेही मुलगे नोकरीनिमित्त परगांवीं. दिवाळीस सारे एकत्र येतात खरे, पण सुना स्वयंपाकघरांत आणि मुलें मोबाइलांत. “अण्णा, तीन दिवस घरांत कोणासच चूल नाहीं,” असें तो म्हणाला, तेव्हां सौभाग्यवतीचा उजळलेला चेहरा पाहून मी गप्प बसलों. खर्च त्याचा, हें पेन्शनराच्या मनास थोडें लागतें, असो. शास्त्राची अडचण मला नव्हती. बौधायनानें समुद्रसंयान पातित्य आणणाऱ्या कर्मांत प्रथमच गणलें आहे. पण तोच सूत्रकार तें उत्तरेकडील लोकांच्या आचारांतही नोंदवितो. आणि १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस जाऊन आतां इतका काळ लोटला कीं, या कारणावरून ग्रामण्य मांडावयास कोणी उरला नाहीं. अडचण होती ती आईची.

आई मूळची अलिबागकडची. १९५७ सालीं ती हिंगोलीस सून म्हणून आली. तेव्हां हिंगोली परभणी जिल्ह्यांत होती, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. किनाऱ्यावरची मुलगी इतक्या दूर कां दिली, हें आम्हांस लहानपणीं कोणी सांगितलें नाहीं. मला तें वडिलांच्या शेवटच्या आजारांत कळलें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्यांत माझा थोरला मामा होता. वय एकोणीस. देह सांपडला नाहीं. जेथें जावयास बोटीवर पाय ठेवावा लागत नाहीं अशाच गांवीं मुलगी द्यावयाची, असें आजोबांनीं त्या दिवसापासून ठरविलें.

बेत कानीं घातल्यावर आई दोन दिवस कांहीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं म्हणाली, “येतें मी. पण खिडकीची खोली घ्या.”

हिंगोलीहून जनशताब्दीनें मुंबई गांठली. मुंबई-गोवा ही जलवाट नवी नव्हे. कोंकणच्या बंदरांस पूर्वी आगबोटी नेमानें लागत. विहाराच्या जहाजांचे दिवस मात्र अलीकडचे. २०१८ च्या ऑक्टोबरांत ‘आंग्रिया’ सुरू झालें, तें पुढें बंद पडलें. २०२१ सालीं कॉर्डेलिया कंपनीचें ‘एम्प्रेस’ आलें, १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधलेलें, अकरा मजल्यांचें. आम्ही ज्या जहाजावर चढलों तेंही एक तरंगतें गांवच होतें. भोजनगृहांत जैनांसाठींही वेगळी पंगत. सौभाग्यवतीस पहिल्या जेवणास वाढपी मनुष्य आपल्यास वाढतो याचाच संकोच. दुसऱ्या जेवणास ती त्यास आमटी कशी फोडणीस टाकावी हें सांगत होती. जुगाराचा एक दिवाणखानाही होता. “अण्णा, नुसतें पाहूं,” असें धाकटी सून म्हणाली. नुसतें पाहून आलों.

सायंकाळीं जहाज बंदराबाहेर पडलें. आईस कठड्याजवळ खुर्ची दिली. डाव्या अंगास एक दिवा मिचकत होता. “हा खांदेरीचा ना?” तिनें विचारलें. अठ्ठ्याहत्तर वर्षें लोटलीं, पण दिशा तिला कोणी सांगावी लागली नाहीं. “म्हणजे खडक मागें गेला.” मग मांडीवरच्या पणतवानें कसला खडक म्हणून विचारलें, आणि जी गोष्ट तिनें माझ्यापाशींही कधीं काढली नव्हती, ती त्या पोरास सांगितली. आम्ही सारे भोंवतीं उभे होतों. वरच्या मजल्यावर नाचाचें संगीत चाललें होतें. माझ्या मुलांनीं आपल्या आजीच्या भावाचें नांव त्या रात्रीं प्रथम ऐकिलें.

सकाळीं मी स्नान करून बाहेर आलों तों आई शालींत गुंडाळलेलें ताम्हण आणि तिळांची पुडी घेऊन बसली होती. तर्पणांत मातुलाचें नांव मी आजवर अनेकदां उच्चारलें. पण समुद्रावर, तिच्या समोर, कधींच नाहीं. पितृकार्यास मुख दक्षिणेकडे हवें. जहाज दक्षिणेसच चाललें होतें. तिलोदक दिलें. आतां तें टाकावें कोठें? जहाजावरून कांहीं खालीं टाकण्याची मनाई. शेवटीं हात धुण्याच्या भांड्यांत ओतलें. मला तें बरें वाटलें नाहीं. थोरला नातू म्हणाला, “पणजी, हें पाणी शुद्ध करून मग समुद्रांतच सोडतात.”

“मग झालें तर,” आई म्हणाली. तिनें ताम्हण पुसून पुन्हां शालींत गुंडाळलें आणि विचारलें, “न्याहारी किती वाजेपर्यंत असते रे?”