बोटांचे ठसे

माणसाने पन्नाशीनंतर कुणाच्या हाताखाली काम करू नये. आणि वरिष्ठ दहा वर्षांचा असेल तर मुळीच करू नये! गेल्या दिवाळीत मी केमला आत्याकडे गेलो, आणि तिच्या नातवाने मला बॅटरी धरायला बसवले.

केम हे करमाळा तालुक्यातले कुंकवाचे गाव. फराळ आणि झोप, एवढाच माझा तिथला बेत होता. पण अंगणात किल्ला उभा होता, आत्याने काळ्या मातीचे मावळे करून दिले होते, आणि चिरंजीव ‘सिनेमा’ काढीत होते. विटांवर मोबाईल टेकवायचा, मावळ्याचा पाय किंचित सरकवायचा, फोटो घ्यायचा. पुन्हा पाय, पुन्हा फोटो. “काका, हलू नका, उजेड हलतो!” अशी ताकीद मधूनमधून मिळे. जेवणवेळेपर्यंत एकशेवीस फोटो झाले. सिनेमा भरला दहा सेकंदांचा!

पण तो पाहिला आणि मी पाठदुखी विसरलो. सकाळी परातीत असलेला चिखलाचा गोळा चक्क तट चढत होता!

हे वेड आपल्याकडे जुनेच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ साली, दादासाहेब फाळके कुंडीतल्या वाटाण्याचे रोज थोडेथोडे चित्रण करीत बसले होते. पडद्यावर अंकुराचे रोप झाले ते निमिषात. निक पार्क या इंग्रज गृहस्थाने विद्यार्थिदशेत हाती घेतलेला छोटा चित्रपट १९८९ साली पुरा झाला. त्यातले वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट चीज आणायला थेट चंद्रावर जातात! आपल्या मुंबईत सुरेश एरियाट यांनी केलेल्या ‘टोकरी’त बापाचे मोडलेले घड्याळ दुरुस्त व्हावे म्हणून एक मुलगी टोपल्या विकते. २०१७ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या मातीच्या मुलीचा गौरव झाला.

या चित्रपटांची गोडी कशात आहे? मला वाटते, बोटांच्या ठशांत. बाहुली चालते तेव्हा तिचे अंग बारीक थरथरत असते, कारण दर चित्रागणिक कुणाचे तरी बोट तिला लागलेले असते. करणारा दिसत नाही. त्याचा स्पर्श तेवढा दिसतो.

आत्या पूर्वी पोळ्याला साऱ्या आळीचे बैल करी. पाण्यात विरघळणारी ती माती. त्यातला एकही आज उरलेला नाही. आता तिचे हात कापतात. त्या रात्री एका मावळ्याची मान कलली, ती सारखी करायला ती पुढे झाली आणि नेमका तिचा हात एका फोटोत आला. “आजीनं सगळा सिनेमा बिघडवला!” म्हणत नातू तो पुसायला निघाला. मी आयुष्यात प्रथमच वरिष्ठाचा हात धरला. “राहू दे,” म्हटले.

मावळा चढतो, मध्येच सुरकुतलेला हात चमकून जातो, मावळा पुढे चढतो. आत्याने पदराने डोळे पुसत विचारले, “माझाच का रे तो? परत लाव बघू.” परत लावला. चार वेळा.

यंदाच्या पोळ्याला तिला बैल जमले नाहीत. परवा नातवाचा फोन आला: “काका, या वर्षी आजीचा हात मुद्दाम घ्यायचाय. बॅटरी धरायला लवकर या.”

मी तिकीट काढले आहे.